नादाला रूप देणारा शोधक : अर्न्स्ट क्लाड्नी

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत आमच्या शाळेच्या वरच्या इयत्तांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं एक नवाच कार्यक्रम बसविला होता. रंगमंचावर एक विद्यार्थिनी गात होती, एक विद्यार्थी तबल्याची साथ करीत होता, आणि मागील पांढऱ्या पडद्यावर रंगीत वर्तुळें व लाटा नाचत होत्या. हीं चित्रें संगीत ऐकून हालतात, आणि त्यांसाठीं संगणकाला द्यावयाच्या आज्ञा, म्हणजे ज्याला हल्लीं कोड म्हणतात तो, आमच्याच मुलांनीं लिहिला आहे, असें सांगण्यांत येतांच सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु गाणें संपलें, तबला थांबला, सारें शांत झालें, तरी पडद्यावरचीं वर्तुळें आपलीं नाचतच राहिलीं! तेव्हां पुढच्या रांगेंत बसलेल्या पांचवींतील एका चिमुरड्यानें, हीं आतां कोणाच्या तालावर नाचत आहेत, असा मोठ्यानें प्रश्न केला आणि सभागृहांत हंशा पिकला.

चौकशीअंतीं असें कळलें कीं, ऐन वेळीं मायक्रोफोनची जोडणी नीट होईना. चित्रें निश्चल राहिलीं तर फजिती होईल ह्या भीतीनें मुलांनीं तीं संगणकांतील घड्याळाच्या स्वाधीन केलीं होतीं. चित्रें सुंदर होतीं, पण तीं गाणें ऐकत नव्हतीं. आम्ही मुलांवर रागावलों नाहीं. आम्हीं त्यांना दुसऱ्या दिवशीं विज्ञानाच्या खोलींत बोलावलें, तांबटाकडून आणलेला पितळेचा एक चौकोनी पत्रा, चिमूटभर बारीक वाळू व व्हायोलिनचा गज एवढें साहित्य टेबलावर मांडलें, आणि एका मनुष्याचें चरित्र सांगितलें. तेंच चरित्र ह्या अंकाच्या वाचकांसहि सादर करावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

अर्न्स्ट फ्लोरेन्स फ्रीड्रिख क्लाड्नी ह्याचा जन्म ३० नोव्हेंबर १७५६ रोजीं जर्मनीतील सॅक्सनी संस्थानांत विटेनबर्ग ह्या शहरीं झाला. ज्या नगरींत १५१७ सालीं मार्टिन ल्यूथर ह्यानें आपलीं ९५ विधानें प्रसिद्ध करून युरोपच्या इतिहासाला नवें वळण दिलें, तीच ही नगरी होय. क्लाड्नीचें घराणें मूळचें तेथलें नव्हे. आजच्या स्लोव्हाकिया देशांतील क्रेमनिका गांवीं त्याचे पूर्वज राहत असत. सतराव्या शतकांत तेथें प्रॉटेस्टंट पंथीयांचा छळ होऊं लागल्यावर मतासाठीं घरदार सोडून तें कुटुंब सॅक्सनींत आलें. पुढें ह्या घराण्यांत धर्मशास्त्राचे व कायद्याचे नामांकित पंडित निपजले. अर्न्स्टचे वडील विटेनबर्ग विद्यापीठांत कायद्याचे अध्यापक होते. थोर संगीतकार मोझार्ट हाहि त्याच १७५६ सालीं जन्मला. परंतु मोझार्टच्या पित्यानें मुलाच्या हातीं बाळपणींच वाद्य दिलें, तर क्लाड्नीला वाद्य शिकावयास एकोणीस वर्षांचा होईपर्यंत थांबावें लागलें.

अर्न्स्ट लहान असतांनाच त्याची आई वारली. वडील सज्जन, पण शिस्तीचे फार कडक होते. मुलानें परवानगीवांचून घराबाहेर पाऊल टाकूं नये, अभ्यासावांचून इतर गोष्टींत मन घालूं नये, असा त्यांचा दंडक असे. खिडकींतून बाहेर पाहणाऱ्या ह्या मुलाला भूगोलाचीं पुस्तकें व प्रवासवर्णनें ह्यांचें वेड लागलें. दूरदेशीं जावें, समुद्र पाहावा, असें त्याला वाटे. कांहीं वर्षें ग्रिम्मा येथील प्रसिद्ध विद्यालयांत शिकून तो घरीं परतला तेव्हां त्याला वैद्यक शिकण्याची इच्छा होती. वडिलांनीं ती मानली नाहीं. तेव्हां प्रथम विटेनबर्ग व नंतर लाइप्सिक येथें राहून त्यानें निमूटपणें कायद्याचा अभ्यास पुरा केला व त्या विषयांतील पदवी मिळविली. वडिलांचे शब्द त्यानें मोडले नाहींत. पण फावल्या वेळांत गणित, सृष्टिशास्त्र व संगीत ह्यांचें वाचन चालूं ठेविलें.

१७८२ सालीं वडील वारले. आतां त्याला अडविणारें कोणी नव्हतें, पण आधार देणारेंहि कोणी उरलें नाहीं. सावत्र आईचा भार त्याच्यावर पडला. कायद्याचा धंदा केला असता तर पोटाची काळजी मिटली असती. तरीहि त्यानें कायदा सोडला आणि जेथें द्रव्य नाहीं, पद नाहीं, अशा शास्त्राच्या वाटेला तो लागला. त्या काळीं तारेचीं व दांड्याचीं कंपनें कशीं होतात ह्याविषयीं बर्नुली व ऑयलर ह्या गणितज्ञांनीं पुष्कळ लिहून ठेविलें होतें. परंतु पत्रा वाजविला असतां त्यांतून स्वर कसे निघतात, एकच पत्रा निरनिराळ्या ठिकाणीं धरला तर निरनिराळे स्वर कां देतो, ह्याचें उत्तर कोणापाशींहि नव्हतें. क्लाड्नीनें नेमका हाच प्रश्न उचलला.

पत्र्याच्या काठावरून व्हायोलिनचा गज वरून खालीं ओढला कीं स्वर निघतो, हें त्यानें पाहिलें. पण पत्र्याचा कोणता भाग हालतो व कोणता स्थिर राहतो हें डोळ्यांना दिसेना. कंपनें इतकीं शीघ्र कीं दृष्टि तेथें थिटी पडते. ह्याच सुमारास गटिंगन येथील पंडित लिख्टेनबर्ग ह्याचा एक प्रयोग त्याच्या वाचनांत आला. राळेच्या तबकडीवर विजेची ठिणगी पाडून वर बारीक भुकटी टाकली असतां ताऱ्यांसारख्या आकृति उमटतात, असें लिख्टेनबर्गला १७७७ सालीं आढळलें होतें. भुकटीनें जर वीज दिसते, तर नाद कां दिसूं नये? हा विचार मनांत येतांच क्लाड्नीनें पितळेच्या तबकडीवर वाळू पसरली, तबकडी मध्यभागीं धरली व काठावरून गज ओढला. वाळू उडाली, धांवली, आणि क्षणार्धांत एका सुबक ताऱ्याच्या आकारांत स्थिर झाली. नादानें आपलें चित्र स्वतःच काढलें!

ह्या चमत्काराचें कारण सोपें आहे. तबकडी वाजूं लागली म्हणजे तिचे कांहीं भाग जोरानें वर-खालीं होतात, आणि त्या भागांच्या मधल्या कांहीं रेषा निश्चल राहतात. हालणाऱ्या भागावर पडलेला कण तेथें टिकत नाहीं; धक्के खात खात तो शेवटीं निश्चल रेषेवर येऊन विसांवतो. ह्या रेषांस निस्पंद रेषा म्हणतात. तेव्हां वाळूनें काढलेली आकृति म्हणजे हालचालीचें चित्र नसून हालचालींतील शांत जागांचें चित्र होय.

आम्हीं आमच्या चौकोनी पत्र्यावर केलेला प्रयोग येथें देतों. कोणासहि तो करून पाहतां येईल. पत्रा मध्यावर पक्का बसवावा. एका बाजूच्या मध्यावर बोटाचें टोंक टेकवून कोपऱ्यावर गज ओढला, तर वाळूची फुली बाजूंना समांतर, म्हणजे अधिक चिन्हासारखी उमटते. आतां उलट करावें. बोट कोपऱ्यावर टेकवावें व गज बाजूच्या मध्यावर ओढावा. लगेच फुली फिरते व रेषा कोपऱ्यांतून कोपऱ्यांत जातात, स्वरहि चढतो. पहिल्या स्वराला षड्ज मानलें तर दुसरा सुमारें पंचमाइतका उंच असतो. बोटांच्या जागा बदलीत गेलें म्हणजे स्वर अधिकाधिक उंच होतात, आणि आकृति अधिकाधिक गुंतागुंतीच्या, एखाद्या सुगरणीच्या रांगोळीसारख्या, होत जातात. मुख्य गोष्ट ही कीं, पत्रा तोच, बोट व गज त्याच जागीं आणि स्वरहि तोच, तर आकृति दर वेळीं तीच येते. तींत हातचलाखीला जागा नाहीं.

अनेक वर्षें क्लाड्नीनें गोल, चौकोनी, त्रिकोणी, लंबवर्तुळाकार असे पत्रे व कांचा घेऊन प्रयोग केले, प्रत्येक आकृति कागदावर उतरवून घेतली, आणि तिच्यापुढें तिचा स्वर नोंदला. १७८७ सालीं लाइप्सिक येथें त्याचा ध्वनिविषयक शोधांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गोल तबकडीवर उमटणाऱ्या व्यासरेषा व वर्तुळें मोजून स्वराची उंची कशी अजमावावी ह्याचा एक नियमहि त्यानें शोधून काढला. वर्तुळांच्या संख्येची दुप्पट करून तींत व्यासरेषांची संख्या मिळवावी व त्या बेरजेचा वर्ग करावा. कंपनसंख्या जवळजवळ त्याच प्रमाणांत वाढते. आज जगभर ह्या आकृतींना क्लाड्नीच्या आकृति असेंच म्हणतात. तथापि ही कल्पना आपणांस लिख्टेनबर्गच्या प्रयोगावरून सुचली, हें क्लाड्नीनें मोकळ्या मनानें सांगून ठेविलें आहे. इंग्लंडांत रॉबर्ट हुक ह्यानें १६८० सालींच कांचेवर पीठ पसरून व गज ओढून असा एक प्रयोग केला होता. मग क्लाड्नीचें मोठेपण कशांत? हुकनें आकृति पाहिली व पुढें त्या मार्गानें तो फारसा गेला नाहीं. क्लाड्नीनें एका आकृतीवर न थांबतां शेंकडों पाहिल्या, मोजल्या व त्यांतून नियम काढला.

ग्रंथानें कीर्ति दिली, पण भाकरी दिली नाहीं. विद्यापीठांत कायमची, पगाराची जागा त्याला जन्मभर मिळाली नाहीं. तेव्हां त्यानें असा विचार केला कीं, गवई जसा गांवोगांव फिरून गाऊन पोट भरतो, तसें शास्त्रज्ञानें कां भरूं नये? पण नुसतीं व्याख्यानें ऐकण्यास लोक पैसे देतना. म्हणून त्यानें नवीं वाद्यें घडविण्याचें मनावर घेतलें. १७९० च्या सुमारास त्याचें यूफोन नांवाचें वाद्य तयार झालें. त्यांतील कांचेच्या बारीक कांड्यांवर ओलीं बोटें फिरविलीं कीं मधुर स्वर निघत. दहाएक वर्षांनीं त्यानें क्लाव्हिसिलिंडर नांवाचें दुसरें वाद्य बनविलें. त्यांत पट्ट्या दाबल्या कीं फिरत्या ओल्या कांचनळीचें घर्षण होऊन स्वर उठे. हीं वाद्यें व वाळूचे पत्रे स्वतःच्या गाडींत घालून तो जर्मनी, हॉलंड, फ्रान्स, इटली अशा देशांतून वर्षानुवर्षें हिंडला. ज्या मुलाला परवानगीवांचून घराबाहेर पडतां येत नव्हतें, त्याचें पुढील आयुष्य असें रस्त्यावर गेलें. त्यानें विवाह केला नाहीं. मात्र जेथें जेथें तो गेला तेथें तेथें सामान्य माणसांनीं नाद डोळ्यांनीं पाहिला.

ह्या प्रवासांतच त्याच्या हातून दुसरी एक मोठी कामगिरी झाली. आकाशांतून दगड पडतात असें खेडूत सांगत, व विद्वान लोक तें हंसण्यावारी नेत. लिख्टेनबर्गशीं झालेल्या संभाषणावरून क्लाड्नीनें जुन्या नोंदी चाळण्यास सुरुवात केली. निरनिराळ्या देशांतील व काळांतील, एकमेकांस न ओळखणाऱ्या साक्षीदारांच्या हकीकती इतक्या जुळत होत्या कीं त्या सर्व खोट्या असणें शक्य नाहीं, असें ह्या जुन्या कायदेपंडितानें ठरविलें. पॅलास ह्या प्रवाशानें सायबेरियांत पाहिलेल्या लोखंडाच्या प्रचंड गोळ्याविषयीं १७९४ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत, असे पिंड अंतराळांतून येतात, असें त्यानें प्रतिपादिलें. प्रथम त्याची टरच झाली. पण १७९८ च्या डिसेंबरांत आपल्या देशांत बनारसजवळ पाषाणवृष्टि झाली. ते दगड व इतर ठिकाणीं पडलेले दगड ह्यांचें लंडन येथें हॉवर्ड ह्या रसायनज्ञानें पृथक्करण करून १८०२ सालीं त्यांचें परस्परसाम्य दाखविलें. पुढल्याच वर्षीं फ्रान्समध्यें लेगल गांवीं भर दिवसा हजारों दगड पडले व शंकेला जागा उरली नाहीं. सक्तीनें शिकलेला कायदा असा कामीं आला. साक्षीदार कोणत्या दर्जाचा आहे हें न पाहतां त्याची साक्ष काय आहे हें पाहावें, ही दृष्टि वाळूनें व कायद्यानें मिळून त्याला दिली असें आम्हांस वाटतें.

१८०२ सालीं त्याचा ध्वनिशास्त्रावरील मोठा ग्रंथ बाहेर पडला. १८०८ च्या अखेरीस तो पॅरिसला पोंचला. तेथील लाप्लास प्रभृति शास्त्रज्ञांनीं त्याचे प्रयोग पाहून त्याला बादशहा नेपोलियनकडे नेलें. १८०९ च्या फेब्रुवारींत बादशहानें बराच वेळ देऊन वाळूच्या आकृति पाहिल्या, त्यांमागील गणित अद्याप कोणास सुटलेलें नाहीं हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि त्यानें दोन गोष्टी केल्या. क्लाड्नीच्या ग्रंथाचा फ्रेंच भाषेंत अवतार व्हावा म्हणून ६,००० फ्रँक दिले, आणि ह्या आकृतींची गणिती उपपत्ति सिद्ध करणारास ३,००० फ्रँकांचें पारितोषिक लावविलें. विचार करा, विद्यार्थिमित्रहो. आपण जें दाखवितों त्याचें पूर्ण कारण आपणांस सांगतां येत नाहीं, हें क्लाड्नीनें लपविलें असतें तर हें पारितोषिक निघालेंच नसतें.

हें आव्हान स्वीकारण्यास पहिल्या खेपेस एकच व्यक्ति पुढें आली, व तीहि एक स्त्री. तिचें नांव सोफी जेर्मेन. त्या काळीं पॅरिसच्या उच्च विद्यालयांत स्त्रियांना प्रवेश नसे. तिनें एका पुरुषाचें नांव घेऊन तेथील व्याख्यानांच्या टिपणी मिळवून गणित शिकलें होतें. तिचा पहिला निबंध नापसंत झाला, दुसऱ्याची केवळ प्रशंसा झाली, आणि १८१६ सालीं तिसऱ्या प्रयत्नास पारितोषिक मिळालें. तिच्या उपपत्तींतहि उणीवा होत्या. त्या १८५० सालीं किर्खोफनें दूर केल्या. चौकोनी पत्र्यावरील आकृति गणितानें काढून दाखविण्याची युक्ति मात्र त्यापुढें जवळजवळ साठ वर्षांनीं, १९०९ सालीं, वाल्टर रिट्झ ह्या तरुणाला साधली. त्यानें ती आंकडेमोड हातानें केली, आणि त्याच वर्षीं वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षीं तो क्षयानें वारला. एका मुठींतल्या वाळूनें विचारलेला प्रश्न सोडविण्यास माणसांना शंभराहून अधिक वर्षें लागलीं!

क्लाड्नीचें उत्तरायुष्य कष्टांतच गेलें. ज्या बादशहानें त्याचा गौरव केला, त्याच्याच युद्धांत १८१३-१४ सालीं विटेनबर्गला वेढा पडला व शहराची धूळधाण झाली. तेथील विद्यापीठ १८१७ त हाले येथील विद्यापीठांत विलीन करण्यांत आलें. क्लाड्नी जवळच्या केम्बर्ग ह्या लहान गांवीं राहूं लागला, पण त्याची गाडी थांबली नाहीं. १८२७ च्या एप्रिल महिन्यांत व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतांनाच ब्रेस्लाउ शहरीं, जें आज पोलंडांत व्रोत्स्वाफ ह्या नांवानें ओळखलें जातें, त्यास मृत्यु आला. वय ७० वर्षांचें होतें. जन्मभर जमविलेला उल्कापाषाणांचा संग्रह त्यानें बर्लिन येथील संस्थेस देऊन टाकिला.

त्याच्या मागें त्याची वाळू मात्र हिंडत राहिली. वेल्स प्रांतांतील गायिका मार्गारेट वॉट्स ह्यूज हिनें १८८५ च्या सुमारास ताणलेल्या पडद्यावर भुकटी टाकून आपल्या गळ्याच्या स्वराच्या आकृति काढल्या. आवाज स्थिर नसेल तर आकृति लगेच विसकटे, म्हणून चित्र पाहून ती स्वर सुधारी. येथें संगीत चित्राला हालवीत होतें, आणि चित्र गाणाऱ्याला शिकवीत होतें. आपल्या देशांत सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनीं १९२० सालीं व पुन्हां १९३४ सालीं मृदंग-तबल्यावर शोधनिबंध लिहिले. त्यांनीं कातड्यावर बारीक वाळू टाकून, बोटांच्या निरनिराळ्या आघातांनीं कोणत्या आकृति उमटतात हें दाखविलें. साध्या ढोलाचे वरचे स्वर परस्परांशीं जुळत नाहींत. परंतु आपल्या कारागिरांनीं कातड्याच्या मध्यें बसविलेल्या शाईच्या भारामुळें ते मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सुसंवादी होतात, हें रहस्य त्यांनीं उलगडलें. शाई भरणाऱ्या कारागिरानें कानानें साधलेली गोष्ट वाळूनें डोळ्यांना पटवून दिली. आजहि व्हायोलिन करणारे कसबी कारागीर लांकडी पाट तासतांना अशाच आकृति पाहून त्याची जाडी ठरवितात.

आतां पुन्हां आमच्या मुलांकडे वळूं. वरील चरित्र ऐकून व पत्र्यावरील प्रयोग स्वहस्तें करून त्यांनीं आपला कोड पहिल्यापासून लिहावयास घेतला. मायक्रोफोनवर पडणारा नाद संगणक एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजतो. अशा १,०२४ मापांचा एक गट, म्हणजे सेकंदाचा सुमारें त्रेचाळिसावा भाग, घेऊन त्यांत कोणत्या उंचीचे स्वर किती जोरानें मिसळले आहेत हें निराळें काढतां येतें. ही पृथक्करणाची रीत नेपोलियनच्याच काळांतील फूर्ये ह्या गणितज्ञाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. ती संगणकाकडून झपाट्यानें करवून घेण्याची युक्ति कूली व टुकी ह्यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली. मुलांनीं पडद्यावर एका काल्पनिक पत्र्यावर हजारों ठिपके पसरले. सर्वांत बलवान स्वर जो असेल त्याप्रमाणें पत्र्याची आकृति गणितानें ठरे. जेथें कंप अधिक तेथें ठिपक्याला मोठा धक्का, जेथें कंप नाहीं तेथें धक्का नाहीं, एवढीच आज्ञा त्यांनीं प्रत्येक ठिपक्याला दिली. रेषा काढण्याची आज्ञा कोठेंच नव्हती. तरीहि ठिपके आपोआप निस्पंद रेषांवर गोळा होऊं लागले. रिट्झनें ज्या आंकडेमोडीसाठीं रात्री घालविल्या असतील, तशी ती सेकंदांत ६० वेळां पडद्यावर होऊन जात होती.

प्रथम मुलांची निराशा झाली. नवें चित्र जुन्यासारखें भडक नव्हतें, आणि गाणाऱ्या मुलीचा स्वर हालला कीं आकृतिहि मोडत होती. त्यांतील एकानें, थोडें घड्याळ पुन्हां मिसळावें म्हणजे उणें झांकलें जाईल, असेंहि सुचविलें. तेव्हां त्या मुलीनेंच तें नको म्हटलें. पुढील महिनाभर ती रोज शाळा सुटल्यावर पडद्यासमोर एक षड्ज लावून बसे व आकृति न मोडतां किती वेळ टिकते तें पाही. प्रारंभीं ती दोन-तीन सेकंद टिके. शेवटीं ती एका श्वासाला पुरूं लागली. बक्षीस-समारंभाच्या दिवशीं तिनें स्वर लावला, ठिपके रांगोळीसारखे जुळून आले, आणि ती थांबतांच तेहि थांबले. आरंभीं सांगितलेला तो पांचवींतला मुलगा पुढेंच बसला होता. ह्या खेपेस त्यानें कांहीं विचारलें नाहीं. तो उठून पडद्याजवळ गेला, आणि स्वतःच तोंडानें आ करून पाहूं लागला.

क्लाड्नीला संगणक ठाऊक नव्हता, आणि त्याच्या वाळूला कोणी आज्ञा लिहून दिली नव्हती. परंतु नादाला उत्तर देणारें चित्र खरें कोणतें ह्याची कसोटी त्यानें कायमची घालून दिली आहे. नाद बदलला तर तें बदललें पाहिजे, नाद थांबला तर तें थांबलें पाहिजे, आणि नाद तोच असेल तर तें तेंच आलें पाहिजे. ह्यापुढें रंग, शोभा, कल्पकता ह्यांना भरपूर वाव आहे. पण ही कसोटी उतरली नाहीं तर तें चित्र नादाचें नव्हे. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या हातीं आज जीं साधनें आहेत त्यांचें स्वप्नहि त्या फिरत्या शास्त्रज्ञाला पडलें नसेल. तीं वापरतांना त्याच्या पितळी पत्र्यावरील मूठभर वाळूची आठवण ठेवा, एवढीच आमची विनंती आहे.